जपानी मुलाखतीत ‘मी तयार आहे’ कसं सांगायचं?

वर्धारोड_एन४: नमस्कार. एन४ (जपानी भाषा परीक्षेची पातळी) झालं आहे. तोकुतेइ गिनो (विशिष्ट कौशल्याच्या कामगारांच्या) व्हिसावर काइगोच्या, म्हणजे वृद्धांची काळजी घेण्याच्या, कामासाठी ऑनलाइन मुलाखत आहे, नागपुरातूनच देणार. रात्रपाळी, जादा तास, दुसऱ्या शहरात बदली, सगळ्याला तयार आहे. पण ‘तयार’ शोधलं की ‘जुम्बि’ येतं, आणि ‘याकिन नो जुम्बि गा देकिते इमास्’ (याकिन म्हणजे रात्रपाळी) काही कानाला जमून नाही राहिलं. काय म्हणू?

बर्डी_निहोंगो: ताई, कान बरोबर सांगतोय. जुम्बि म्हणजे पूर्वतयारी: बॅग भरली, कागद लावले. तुम्हाला कळवायची आहे राजी, आणि त्यासाठी वेगळा शब्द लागतच नाही, क्रियापद पुरतं. ‘याकिन वा देकिमास् का?’ (रात्रपाळी जमेल का?) विचारलं की ‘हाइ, देकिमास्’, हो, जमेल.

नुसतं ‘ई देस्’ (‘चालेल’) मात्र अजिबात नको. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘नको, राहू द्या’ असा घेतला जातो. ‘दाइजोबु देस्’चंही (‘ठीक आहे’) तेच. चहा विचारल्यावर म्हटलं तर ते नकार ठरतं. म्हणून आधी ‘हाइ’, मग त्यांनी वापरलेलंच क्रियापद.

बदलीला ‘तेन्किन मो कानो देस्’ (‘नो’ लांबवा). गैरसोयीच्या गोष्टींना क्रियापदाचं ते-रूप (शेवटी ‘ते’ येणारं) अधिक ‘मो कामाइमासेन्’: ‘शूमात्सु नि हाताराइते मो कामाइमासेन्’, शनिवार-रविवारी काम करायला हरकत नाही. यात फक्त हरकत नसते, उत्साह नसतो. त्यामुळे ‘हे काम करायचंय का?’ याला हे उत्तर थंड वाटतं. तिथे ‘झेहि यारासेते कुदासाइ’, मला जरूर करू द्या, म्हणा.

अंबाझरी_सेन्सेइ: ‘यारासेते’वर घोटून सराव करा. गडबडीत ‘यात्ते कुदासाइ’ निघालं तर ‘तुम्ही करा’ असा अर्थ होतो, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यालाच काम सांगितल्यासारखं. ‘करू द्या’चं हे रूप असं होतं: क्रियापदांच्या पहिल्या गटात शेवटच्या ‘उ’चा ‘आ’ करून ‘सेते’: हाताराकु (काम करणं), हाताराकासेते. दुसऱ्या गटात ‘रु’ काढून ‘सासेते’: ओबोएरु (लक्षात ठेवणं), ओबोएसासेते. सुरुचं (करणं) सासेते, कुरुचं (येणं) कोसासेते.

आणि ‘गाम्बारु त्सुमोरि देस्’ टाळा. त्सुमोरि म्हणजे नुसता इरादा, पुढे होईल न होईल. सरळ ‘गाम्बारिमास्’, मी कसून प्रयत्न करीन, म्हणा, ते वचन आहे.

वर्धारोड_एन४: खूप मदत झाली. मदतीची तयारी दाखवायला ‘तेत्सुदात्ते मो ई देस्’ चालेल? आणि ‘काकुगो’?

बर्डी_निहोंगो: पहिलं नको. ‘करीन हवं तर’ असा उपकाराचा सूर लागतो. ‘तेत्सुदाइमास्’ म्हणा, किंवा विचारा: ‘ओ-तेत्सुदाइ शिमाशो का?’, मदत करू का? काइगोत हे ‘शिमाशो का’ दिवसभर लागेल. आजींच्या हातातली पिशवी घ्यायची तर ‘ओ-मोचि शिमाशो का?’, आणि त्या हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही.

काकुगो म्हणजे वाईटातलं वाईट झेलायला मन घट्ट करणं. रात्रपाळीला तो लावला तर रात्रपाळी म्हणजे संकटच, असं ऐकू येतं.

अंबाझरी_सेन्सेइ: जुम्बिची खरी जागा ‘कधी येऊ शकाल?’ या प्रश्नात आहे: ‘शोरुइ नो जुम्बि वा देकिते इमास्’, कागदपत्रं तयार आहेत. त्याला जोडून ‘इत्सुदेमो’, म्हणजे कधीही, म्हणायचा मोह होतो. व्हिसा हातात नसेल तर ते खोटं पडतं. ‘बिझा गा ओरितारा, सुगु इकेमास्’ म्हणा, व्हिसा मिळाला की लगेच येते.