मार्चअखेरीस पुण्याजवळ स्थलांतरित पक्षी कुठे बघावेत?

धायरीकर:
नमस्कार मंडळी. मुलीची परीक्षा संपतेय आणि मार्चचा शेवटचा शनिवार-रविवार मोकळा आहे. भिगवणचा विचार आहे, पण ऑफिसात सगळे म्हणतात, पक्षी गेले, आता काही उपयोग नाही. खरंच का? सोबत आई आहे, तिला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. दुर्बीण एकच आहे.

उजनीकाठ:
जरूर जा. गेली ती बदकं. चक्रवाक, थापट्या पांगलेले असतात, पट्टकादंब तर फेब्रुवारी सरता सरताच हिमालयापलीकडची वाट धरतात. पण उन्हाळ्यात भिगवणजवळच्या उजनी धरणाचं पाणी उतरतं, गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि रोहित (फ्लेमिंगो) तिथे चरायला जमतात. मान खाली, चोच उलटी, पाय जागच्या जागी नाचवत गाळ ढवळणं चाललेलं असतं. आईंना दुर्बिणीशिवायही दिसेल. पावसाळ्यात धरण भरू लागलं की ते हलतात.

शिवाय आता पक्ष्यांचे रंग बघा. थंडीभर मातकट दिसणारा काळ्या शेपटीचा पाणटिवळा मानेवर विटकरी व्हायला लागतो, पिवळ्या धोब्याचं पोट हळदीसारखं होतं. हिवाळ्यात हेच पक्षी ओळखताना नवशिक्यांची दमछाक होते. मुलीसाठी हाच मोसम चांगला.

होडी भिगवणजवळच्या कुंभारगावातून, उजाडताच. पाणी मागे गेलेलं असतं, तेव्हा होडीपर्यंत चिखलातून किती चालावं लागेल ते फोनवर विचारून घ्या. आणि नावाड्याला निघायच्या आधीच सांगा, थवा उडवायचा नाही. फोटोसाठी पक्ष्यांच्या अंगावर होडी घालतात, फार वाईट वाटतं. लांबच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवण्याचे हे दिवस, उगाच उडायला लावलं की तीच खर्च होते.

गोफण:
होडी नाही जमली तर आईंना गाडीत बसूनच भोरड्या (गुलाबी मैना) दाखवा. सकाळी फुललेला पळस किंवा पांगारा गाठा. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि मध पिऊन कपाळ परागांनी पिवळं झालेलं. संध्याकाळी सगळे थवे रातथाऱ्याला एकत्र येतात, तेव्हा आभाळात काळा पडदा हलल्यासारखा दिसतो. जागा दरवर्षी बदलते, म्हणून गावात विचारा. आमच्याकडे ज्वारीच्या राखणीमुळे लहान पोरालाही भोरडी कुठे उतरते ते ठाऊक असतं. कणसं फस्त करते हे खरं, पण ती टोळ-नाकतोडेही खाते. एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे परतते आणि तिथे पिल्लांना मुख्यतः तेच भरवते.

धायरीकर:
मनापासून आभार! मग शनिवारी भिगवण नक्की. रविवारी अलिबागला आक्षीचा किनारा करावा का?

भरतीओहोटी:
एका दमात दोन्ही नको, आईंचे हाल होतील. आक्षी एप्रिलच्या मध्यावर ठेवा. तोवर बऱ्याच चिखल्यांच्या (किनाऱ्यावर चरणारे छोटे पक्षी) छातीवर तांबूस पट्टा चढलेला असतो. काही कुरवही (सीगल) तेव्हा असतात.

वेळ मात्र भरतीवर ठरवा. ऐन ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पक्षी म्हणजे नुसते ठिपके. भरतीला ते वरच्या कोरड्या वाळूवर दाटीने बसतात आणि पाणी उतरू लागलं की तुमच्यासमोरच चरायला पसरतात. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमीला साडेसात. त्या दिवशी सातला पोहोचा, किनाऱ्यावर खुर्ची टाकून आईंना बसवा आणि थव्याच्या दिशेने चालत जाऊ नका, पक्षी आपणहून जवळ येतात. पौर्णिमा-अमावास्या टाळा. तेव्हा भरती बाराच्या सुमारास येते आणि उन्हात वाळूवर थांबवत नाही.