मदत हवी आहे: पाच डिफेंडर लावूनही गोल खातोय, काउंटर अटॅक जमतच नाही

मुलुंडस्लो:

मंडळी, हॅटट्रिक हा ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर गेम खेळणारे इथे दोन-चार जण आहेत असं एका जुन्या धाग्यात वाचलं होतं, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

मागच्या सीझनला पहिला आलो आणि वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो. आनंद पहिल्या सामन्यापर्यंतच टिकला. बाकी सातही संघ माझ्यापेक्षा तगडे. मग ठरवलं, उगाच छाती काढून खेळायचं नाही. पाच डिफेंडर लावायचे, मागे बसायचं, बॉल मिळाला की पळायचं. डोळ्यासमोर २०१० ची इंटर मिलान. एप्रिलमधली ती चॅम्पियन्स लीग सेमीफायनलची, बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावरची मॅच रात्री सव्वाबाराला सुरू झाली होती, घरचे झोपलेले म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून बघितली होती. इंटरच्या मोटाला लाल कार्ड, दहा जण बॉक्सभोवती, ०-१ हरूनही फायनलला. तेव्हापासून आपण बचावाचे भक्त.

तर फॉर्मेशन ५-३-२, टॅक्टिक काउंटर अटॅक. पाच सामन्यांचे निकाल: ०-३, १-४, २-२, १-३, ०-२. चौदा गोल खाल्ले. मागच्या सीझनला चार डिफेंडर लावून अख्ख्या चौदा सामन्यांत अकरा खाल्ले होते! आणि काउंटरवर गोल किती मारले? एकही नाही. कॉमेंट्रीत 'काउंटर' हा शब्दच अजून वाचायला मिळालेला नाही.

शेवटच्या सामन्यात (०-२) गेमने माझ्या प्रत्येक फळीला दिलेले आकडे: मधली फळी (मिडफिल्ड) ६.२५, उजवा बचाव ७.५, मधला ९, डावा ४.७५. आक्रमण तिन्हीकडे साडेचार-पाचच्या आसपास. समोरच्याची मधली फळी ५.७५, त्याचं उजवं आक्रमण ८.२५, मधलं ६, डावं ५. मी खेळाडूंना नेमून दिलेल्या सूचना नेहमीच्याच आहेत, फक्त डावा विंगबॅक (कडेचा डिफेंडर) 'आक्रमक' ठेवलाय. तो मुळात विंगर (कडेने हल्ला करणारा) आहे, विंगर ८ आणि डिफेंडिंग ५. चांगला खेळाडू आहे, बाहेर बसवायला जीव होत नाही.

कुठे चुकतंय? रोज सकाळी लोकलमध्ये टीम लावतो, त्यामुळे घाटकोपरपर्यंतच डोकं चालतं हे आधीच कबूल करतो.

बाकावरचा:

हे फिफासारखं असतं का? मोबाइलवर खेळायचं?

मुलुंडस्लो:

नाही हो, यात हातात कंट्रोलर नसतो. आपण मॅनेजर. अकरा जण निवडायचे, कुणी कसं खेळायचं ते सांगायचं, आठवडाभर ट्रेनिंग घ्यायचं आणि ठरलेल्या वेळी सामना आपोआप होतो. आपण कॉमेंट्री वाचत डोक्याला हात लावून बसायचं. १९९७ पासून चालू आहे, स्वीडनचा आहे. आठवड्याला एक लीगचा सामना आणि मध्ये एक कप किंवा फ्रेंडली, त्यामुळे नोकरी सांभाळून जमतं.

जुना स्टॉपर:

अरे मित्रा, आकडे तूच दिलेस आणि उत्तरही त्यातच आहे. त्यांचं उजवं आक्रमण कुणावर येतं? तुझ्या डाव्या बचावावर. ८.२५ विरुद्ध ४.७५. दोन्ही गोल तिकडूनच आले असणार.

या गेममध्ये 'बचाव' असा एक आकडा नसतो, तीन वेगळे असतात. मधल्या नऊचा डावीकडे काडीचा उपयोग नाही. मुंबईकराला समजेल असं सांगतो. तू पाच धट्टेकट्टे गडी उजव्या दारात उभे केलेस आणि प्लॅटफॉर्म आला डावीकडे.

पहिलं काम, त्या विंगरला तिथून हलव. 'आक्रमक' विंगबॅक म्हणजे आधीच पाच असलेल्या डिफेंडिंगमधलंही थोडं काढून पुढे देणं. आणि तुला इंटर आठवते ना, मग हेही आठव की त्या रात्री एटो, चांगला नावाजलेला फॉरवर्ड, जवळजवळ फुलबॅकसारखा खेळत होता. तू नेमकं उलट केलंस, फुलबॅकच्या जागी फॉरवर्ड वृत्तीचा माणूस ठेवून त्याला वर पळ म्हणालास.

मुलुंडस्लो:

दादा, दोन्ही गोल तिकडूनच. आता पुन्हा रिपोर्ट बघितला तर १-४ वाल्या सामन्यातल्या चारपैकी तीन तिकडूनच आहेत. लाज वाटली.

ऑफसाइड मावशी:

डाव्या बाजूचं जुन्या स्टॉपरनी सांगितलं, ते बरोबरच आहे. पण ते दुरुस्त केलंत तरी गोल खाणं कमी होईल, काउंटर सुरू होणार नाही. त्याचं दुखणं वेगळं आहे.

काउंटर अटॅक या गेममध्ये कसा चालतो ते आधी पाहा. समोरच्याचा हल्ला तुमच्या बचावाने अडवला की त्यातून तुम्हाला जादा संधी मिळू शकते. त्याची किंमत म्हणून तुमच्या मधल्या फळीतून सात टक्के कापले जातात. आणि मुख्य अट अशी, की मधली फळी समोरच्यापेक्षा कमजोर असली पाहिजे. ताबा तुमच्याकडे असेल तर काउंटर कशावर मारणार?

तुमचा शेवटचा सामना बघा. ६.२५ विरुद्ध ५.७५. मधली फळी तुम्हीच जिंकलीत! म्हणजे सात टक्के दिले आणि बदल्यात काहीच घेतलं नाही. कापले नसते तर पावणेसातच्या जवळ गेला असतात. हा म्हणजे एसी लोकलचं तिकीट काढून साध्या डब्यात लोंबकळत जाण्याचा प्रकार झाला.

आता मला सांगा, बाकीच्या चार सामन्यांत मधली फळी कुणाची वरचढ होती? आणि तुमच्या पाच डिफेंडरांचं पासिंग किती आहे? डिफेंडिंग विचारत नाहीये, पासिंग.

मुलुंडस्लो:

मावशी, बाकी चारही सामन्यांत समोरच्याचीच वरचढ होती, आठच्या आसपास.

पासिंग... तीन स्टॉपर (मधले डिफेंडर) २, ३, २. उजवा विंगबॅक ३. डावा ४. डिफेंडरच्या पासिंगचं काय काम असतं, असं समजून बघितलंच नव्हतं. घेताना फक्त डिफेंडिंग ९-१० बघून घेतले.

ऑफसाइड मावशी:

तेच तर. काउंटरची पातळी ठरते डिफेंडरांच्या पासिंग आणि डिफेंडिंगवर, आणि त्यातही पासिंगचं वजन साधारण दुप्पट धरलं जातं. तुमचे गडी बॉल हिसकावतात आणि मग काय करायचं ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून त्या चार सामन्यांत अट पूर्ण होऊनही काही घडलं नाही.

बेंचवर कोण आहे? मिडफिल्डमधला एखादा जुना माणूस, पासिंग बरं असलेला?

मुलुंडस्लो:

आहे एक. ३३ वर्षांचा, पासिंग ८, डिफेंडिंग ६. पगार जास्त आहे म्हणून ट्रान्सफर लिस्टवर टाकणार होतो. आणि एक १९ वर्षांचा पोरगा, डिफेंडिंग ७, पासिंग ६, अजून एकही सामना दिला नाही.

ऑफसाइड मावशी:

देवा. तुमच्याकडे घरातच सगळं होतं. म्हाताऱ्याला मधला स्टॉपर करा. पोरग्याला डावा विंगबॅक, साध्या सूचनेवर किंवा सरळ 'बचावात्मक'. मधला बचाव नऊवरून थोडा खाली येईल, येऊ द्या. तिथे समोर सहाच आहे, तुम्ही गरजेपेक्षा जास्त खर्च केलाय. तसंही तीन स्टॉपर लावले की प्रत्येकाचं पूर्ण योगदान मिळत नाही, गर्दीची वजावट होते.

कट्टा ९:

माझं मत वेगळं आहे. काउंटर सोडून द्या, प्रेसिंग करा, म्हणजे समोरच्यावर सतत दबाव. दोन्हीकडच्या संधी कमी होतात, कमजोर संघाला तेच परवडतं. मी एक अख्खा सीझन ०-० आणि १-१ वर काढून टिकलोय. बघायला कंटाळवाणं असतं, पण खाली गेलो नाही.

ऑफसाइड मावशी:

कट्टा, तुमचं म्हणणं चूक नाही. पण प्रेसिंगला दहाही जणांचं डिफेंडिंग आणि स्टॅमिना लागतो, नुसत्या डिफेंडरांचा नाही. शिवाय त्यात खेळाडू लवकर दमतात. यांनी ट्रेनिंगमध्ये स्टॅमिनाचा वाटा किती ठेवलाय ते आधी विचारा. माझा अंदाज, कमीत कमी.

मुलुंडस्लो:

😐 कमीत कमी.

कट्टा ९:

मग राहू दे. साठाव्या मिनिटानंतर तुझे गडी चर्चगेटला उतरलेल्या बायका-पुरुषांसारखे बाकड्यावर बसतील.

जुना स्टॉपर:

इंटरबद्दल एक राहिलं. तू जी मॅच आठवतोयस, कॅम्प नोऊची, तो काउंटरचा नमुनाच नाही. ती बस लावून दार बंद करण्याची रात्र होती, आणि ते परवडलं कारण आधी घरी ३-१ जिंकले होते. त्या पहिल्या लेगमध्ये बार्साच्या पेड्रोने आधी गोल मारला होता, मग इंटरचे स्नायडर, मायकॉन, मिलितो. खरा काउंटर बघायचा तर ती मॅच बघ. बॉल सुटला की पहिला पास पुढे. म्हणून मावशी पासिंगचं विचारतायत.

तुझा गोंधळ तोच झालाय. 'पाच डिफेंडर' आणि 'काउंटर' तू एकच समजलास. पाच लावून साधं टॅक्टिकही ठेवता येतं.

मुलुंडस्लो:

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद दोघांनाही. शनिवारी समोर लीगमधला दुसऱ्या नंबरचा संघ आहे, मधली फळी साडेआठ. मग काउंटरच ना?

ऑफसाइड मावशी:

हो, तिथे काउंटरच. आणि ताबा जाणारच आहे तर सामना 'शांतपणे' खेळा असं ठेवा. मधली फळी अजून खाली जाते, पण ती तुम्हाला नकोच आहे, आणि संघाचं मनोबल वाचतं. साठलेलं मनोबल नंतर बरोबरीच्या संघाविरुद्ध वापरा. फॉर्मेशन मात्र बदलू नका. ५-२-३ काउंटरला छान असतं, पण सरावाशिवाय लावलंत तर गडी मैदानात एकमेकांना शोधत फिरतील. मधल्या फ्रेंडलींमध्ये खेळवून अनुभव वाढवा, मग बघू.

प्रशिक्षक कोणत्या वृत्तीचा आहे?

मुलुंडस्लो:

आक्रमक. मागच्या सीझनचाच.

जुना स्टॉपर:

हाहा. हॉटेल शाकाहारी आणि आचारी मटणवाला. आक्रमक प्रशिक्षकामुळे बचावाचे आकडे खाली येतात. पण त्याला लगेच काढू नकोस, नवीन महाग पडतो. आणि काउंटरला पुढे गोल मारणारे लागतातच, त्यामुळे अगदीच वाया नाही. आधी खेळाडू नीट बसव.

बाकावरचा:

मी काल अकाउंट उघडलं. तुमच्या या धाग्यामुळे. माझ्या गोलीचं नाव उच्चारताच येत नाही.

मुलुंडस्लो:

अपडेट. शनिवारचा निकाल १-१.

मधली फळी साडेपाच विरुद्ध साडेआठ, ताबा बघवत नव्हता. डावा बचाव ४.७५ चा ६.५ झाला, पोरग्याने कमाल केली. पहिल्या हाफमध्ये ते पाच वेळा आले आणि पाचही वेळा अडले. आणि ७१ व्या मिनिटाला तो शब्द आला! काउंटर! म्हाताऱ्याने बॉल काढला, उजवीकडून गोल. मी घरी जोरात ओरडलो, आईने विचारलं इंडियाची मॅच आहे का.

८४ व्या मिनिटाला फ्रीकिकवर बरोबरी झाली. त्यावर काय उपाय?

ऑफसाइड मावशी:

फ्रीकिकला तुमचा बाजूचा बचाव उपयोगी नाही, तिथे गोली आणि सेट पीस (फ्रीकिक वगैरेचं कौशल्य) बघतात. त्यावर आत्ता पैसे घालू नका. एक पॉइंट घ्या आणि पुढे बघा. पुढचा कोण आहे?

मुलुंडस्लो:

तळाचा संघ, माझ्याच मैदानावर. मधली फळी साधारण पाच. मी तेच लावून ठेवलंय, कारण चाललं ना.

ऑफसाइड मावशी:

अहो!! तिथे ताबा तुमचाच असणार. पुन्हा सात टक्के फुकट द्यायचेत का? टॅक्टिक साधं करा, त्या तुमच्या लाडक्या विंगरला पुढे त्याच्या जागेवर खेळवा, चार डिफेंडर पुरेत. ४-४-२ चा अनुभव तुम्हाला असेलच.

जुना स्टॉपर:

आणि ऑर्डर घरूनच लाव. घाटकोपरला नको.

मुलुंडस्लो:

लावली. ४-४-२, टॅक्टिक साधं. म्हाताऱ्याला लिस्टवर टाकायचा विचार सोडलाय.