मदत हवी आहे: एंडोमेट्रिओसिसवरील नवी गोळी भारतात कशी मिळवावी?

निशिगंधा
नमस्कार. मला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे. डाव्या अंडाशयातील चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) २०२१ मध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढली होती, ती आता पुन्हा झाली आहे. डायनोजेस्ट या संप्रेरकाच्या गोळीचा काहीही उपयोग झाला नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला तेथील डॉक्टरांनी रेलुगोलिक्सची रोज एकदा घ्यायची गोळी दिली असून तिचे दुखणे तीन महिन्यांत बरेच उतरले आहे. मी हे नाव काढताच माझ्या डॉक्टरांनी विषय बदलला. मला आहाराचे सल्ले नकोत. ही गोळी इकडे कशी मिळेल, किंवा बहिणीने येताना आणली तर चालेल का, एवढेच सांगावे. पुढच्या पाळीला बारा दिवस उरले आहेत.

औषधविद्या
वय किती? डायनोजेस्ट किती महिने घेतले आणि मध्ये खंड पडला का? रक्तदाब, रक्ताची गुठळी, अर्धशिशी यांपैकी काही आहे का? नजीकच्या काळात मूल हवे आहे का? हे कळल्याशिवाय कोणालाही उत्तर देता येणार नाही.

बहिणीची गोळी म्हणजे नुसते रेलुगोलिक्स नव्हे. तीत रेलुगोलिक्स ४० मिलिग्रॅम, इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) १ मिलिग्रॅम आणि नॉरएथिस्टेरॉन अर्धा मिलिग्रॅम अशी तीन औषधे एकत्र असतात. पहिले औषध मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीला मिळणारा संदेश अडवते, त्यामुळे अंडाशयातील इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाची निर्मिती अगदी खाली येते आणि त्यावर पोसणारा आजार शमतो. हाडे झिजू नयेत आणि अंगातून वाफा निघू नयेत म्हणून उरलेली दोन औषधे थोडी संप्रेरके परत देतात. याच आजारावरील ल्युप्रोलाइडची जुनी इंजेक्शने त्याच ग्रंथीला आधी चेतवतात आणि मग गप्प करतात, म्हणून सुरुवातीला त्रास वाढू शकतो. या गोळीत तो टप्पा नाही.

रावसाहेब
एवढ्या चौकशीची गरज नाही. रेलुगोलिक्सची १२० मिलिग्रॅमची गोळी असते. तिचे तीन तुकडे केले की प्रत्येकी ४० होतात. माझ्या मेहुण्यांना तीच गोळी सुरू आहे आणि त्यांना काहीही त्रास नाही.

औषधविद्या
रावसाहेब, आपल्या मेहुण्यांना ती प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दिली असणार. १२० मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली ती त्याच आजारासाठी. तुकड्यात संप्रेरकांची जोड नसते, त्यामुळे तरुण स्त्रीच्या हाडांची घनता घटत जाईल. कृपया असा सल्ला देऊ नये.

रावसाहेब
मी सल्ला दिला नाही, भागाकार केला.

कुमुदिनी
माझ्या नणंदेचे दुखणे पहिल्या बाळंतपणानंतर पूर्ण थांबले. निशिगंधा, गोळ्यांच्या मागे लागण्यापेक्षा त्या बाजूने विचार करून पाहा.

मीरा (लीड्स)
कुमुदिनीताई, मला दोन मुले आहेत आणि आजारही आहे. गर्भारपणात पाळी नसते म्हणून बरे वाटते, एवढाच त्याचा अर्थ. मूल हे औषध म्हणून कोणाला सुचवू नये.

निशिगंधा, मी स्वतः ही गोळी सात महिन्यांपासून घेते आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून ती देण्याची शिफारस २०२५ मध्ये झाली, तीही आधीची औषधे किंवा शस्त्रक्रिया यांनी भागले नाही अशांसाठी. पहिले सहा आठवडे मला डोकेदुखी आणि घामाचा त्रास झाला, नंतर पाळी थांबली. मात्र चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. बाराशेहून अधिक स्त्रियांवरील दोन चाचण्यांत, २४ आठवड्यांनंतर गोळी घेणाऱ्या सुमारे ७५ टक्के स्त्रियांचे पाळीतील दुखणे ठळकपणे कमी झाले होते. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांतही ते २७ ते ३० टक्के जणींचे कमी झाले. तुलना डायनोजेस्टशी केलेलीच नव्हती. शिवाय पाळी नसतानाच्या ओटीपोटातील दुखण्यात इतका मोठा फरक पडला नाही, आणि माझे नेमके तेच अजून शिल्लक आहे.

निशिगंधा
वय ३३. मूल हवे का, हा प्रश्न घरी दर रविवारी विचारला जातो, येथे तरी तो टळेल असे वाटले होते. दोन वर्षे तरी नको. डायनोजेस्ट एकूण सात महिने घेतले, पण सतत रक्ताचे डाग पडत असल्याने मध्ये दोनदा स्वतःच बंद केले. रक्तदाब ठीक आहे. डोके दुखते, पण तो प्रकार वेगळा आहे: आधी वीस मिनिटे डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात आणि मग एक बाजू ठणकू लागते. त्याचा पाळीशी काय संबंध? कोणी मूळ प्रश्नाचे उत्तर देईल का?

औषधविद्या
मूळ प्रश्नाचे उत्तर आपण आताच दिलेत. डोळ्यांपुढे रेषा येऊन मग डोके दुखणे हे बहुधा ऑरासह (अशा पूर्वसूचनेसह) येणाऱ्या अर्धशिशीचे लक्षण आहे. अशा स्त्रियांना मेंदूच्या पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा अधिक असतो आणि इस्ट्रोजेनमुळे तो आणखी वाढू शकतो. या गोळीत इस्ट्राडायोल असल्याने अशी डोकेदुखी असणाऱ्यांना ती देऊ नये, असे तिच्या माहितीपत्रकातच म्हटलेले आहे. त्यामुळे बहिणीने पाकीट आणले तरी ते उघडू नका.

दुसरे असे की, मध्ये दोनदा थांबवलेल्या सात महिन्यांवरून डायनोजेस्ट निरुपयोगी ठरले असे म्हणता येत नाही. सुरुवातीचे डाग हा त्याचा नेहमीचाच त्रास आहे, खंड न पाडता घेत राहिल्यास ते पुष्कळ जणींमध्ये काही महिन्यांत कमी होतात. त्यात इस्ट्रोजेन नसते. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असलेली गर्भाशयात बसवायची तांबीसारखी वस्तू हाही एक पर्याय आहे. यांतले काय निवडायचे ते सिस्टचा आकार पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.

मीरा (लीड्स)
मलाही गोळी सुरू करण्याआधी डोळ्यांपुढच्या रेषांबद्दल विचारले होते. तेव्हा तो प्रश्न मला अगदीच विचित्र वाटला होता.

निशिगंधा
माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मी डोकेदुखीबद्दल कधी सांगितलेच नाही, कारण त्यासाठी मी वेगळ्या डॉक्टरांकडे जाते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी विषय बदलला तेव्हा रक्तदाब मोजायला घेतला होता, हे आता आठवते. शनिवारची वेळ घेतली आहे. डायनोजेस्ट पुन्हा सुरू करायचे ठरले तर ते सकाळी घ्यावे की रात्री?

रावसाहेब
माझे मेहुणे सकाळी घेतात.