वाड्यातल्या दोन खोल्या की जुळे सोलापुरातला फ्लॅट?

मूळ मत : शुक्रवार पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या आमच्या वाट्याच्या आहेत, चौक, हौद आणि संडास दोन चुलत घरांशी सामाईक आहेत. घरच्यांना फ्लॅट हवा आहे, माझा त्याला विरोध आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हाही माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, दुपार पंख्यावर निभते. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखाली ते जमत नाही. नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि दाब कमी असला तरी ते जमिनीतल्या हौदात उतरते, तर गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटार आणि वीज दोन्ही लागतात. त्यापुढे संडासासाठी थोडे थांबणे मला मान्य आहे.

प्रतिसाद १ : अशाच वाड्यात मी सून म्हणून ११ वर्षे काढली. पाणी रात्री दोनला आले तर घागरी भरायला कोण उठते, हे आपण लिहिलेले नाही. सासूबाईंचे गुडघे गेल्यावर, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात त्यांचा दंड धरून चौक ओलांडण्यात आमचे दोन पावसाळे गेले. माळवदाचा गारवा खरा आहे; पण पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची राहिली, की गळती नेमकी अंथरुणावर येते.

प्रतिसाद २ : मला कागदांची अडचण मोठी वाटते. मिळकत पत्रिकेवर सगळ्या चुलत्यांची नावे असतात, त्यामुळे एकट्याच्या सहीवर बँक कर्ज देत नाही आणि सामाईक भिंत कोणीच बांधत नाही. फ्लॅटमध्येही देखभालखर्चावरून भांडणे होतात, पण निदान सोसायटीची सभा तरी भरते.

प्रतिसाद ३ : पर्याय या दोनच नाहीत. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगर या कामगार वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये विडी आणि यंत्रमाग कामगारांसह असंघटित कामगारांना १५,००० घरे मिळाली. घर छोटे, पण संडास स्वतःचा. शहरात काम असलेल्यांना रोजचे जाणे-येणे मात्र सोसावे लागते.

मूळ लेखक : रात्रीच्या घागरींबाबत ताईंचे म्हणणे बिनतोड आहे, आमच्याकडेही आईच उठते आणि मी झोपलेला असतो. तरी वाडा सोडावा, हे मला अजून पटत नाही. माझ्या खोलीला लागून वेगळा संडास बांधायला एका चुलत्यांनी होकार दिला आहे. दुसऱ्यांना त्यासाठी चौकातली तीन फूट जागा सोडावी लागेल आणि तिथे त्यांची मोटारसायकल लागते.