क्वार्टर बीफ घ्या आणि पैसे वाचवा म्हणे! हिशोब तरी नीट मांडा

आयोवाकर: परवा इथे एकाने लिहिलं की अमेरिकेत राहून जो सुपरमार्केटातून बीफ आणतो तो स्वतःचाच खिसा कापतो, सरळ शेतकऱ्याकडून पाव जनावर घ्या, पाउंडाला साडेचार डॉलर, वर्षभर बघायला नको. खाली सगळे लगेच शेतकऱ्याचा नंबर द्या, नंबर द्या करत आले. मला राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय.

साडेचार हा भाव हँगिंग वेटचा असतो. म्हणजे मुंडकं, कातडं, आतडी काढून हुकाला टांगलेलं धड. ते कूलरमध्ये दोनेक आठवडे टांगतात, पाणी उडतं, मग हाडं-चरबी छाटली जाते आणि 200 पाउंडातले हातात येतात 120-130. कसायाचे पैसे वेगळे, पाउंडाला एक डॉलर धरा, तेही हँगिंग वेटवरच. 900 अधिक 200, झाले 1100 डॉलर, मिळालं 125 पाउंड. पाउंडाला 8 डॉलर 80 सेंट! त्यात मोठा वाटा खिम्याचा. 2025 च्या उन्हाळ्यात दुकानातला खिमा सरासरी पाउंडाला सहा डॉलरच्या वर गेला तेव्हा हेच लोक बोंबलत होते. शिवाय खिमा फ्रीजरमध्ये चवीला तीन-चार महिनेच बरा असतो, आपलं तिघांचं घर, किती खाणार? नवीन फ्रीजर, त्याची वीज, ते धरलंच नाहीये मी.

ओहायोची_सून: दादा तुम्ही सगळ्या मालाची किंमत खिम्याशी लावताय, हे बरोबर नाही. त्याच 8.80 मध्ये रिबआय, सरलॉइन असे स्टेकचे तुकडे येतात, ब्रिस्केट म्हणजे छातीचं मांस येतं, त्यांचे दुकानातले भाव बघा आणि मग सरासरी काढा. आणि जीभ, काळीज, शेपटी, नळीची हाडं कटशीटवर, म्हणजे कसायाला काय कसं कापून हवं ते लिहून द्यायच्या कागदावर, मागितली की मिळतात, बहुतेक लोक लिहायलाच विसरतात आणि कसाई ते टाकून देतो. नळीचा रस्सा आमच्याकडे थंडीभर चालतो. मुख्य म्हणजे ज्याच्याकडून घेते त्याचं कुरण मी पाहिलंय. बीफसाठी पोसलेल्या जनावरांची या देशातली सुमारे 85 टक्के कत्तल चार कंपन्यांच्या हातात आहे, मला त्यांना पैसे द्यायचे नाहीत. हे पैशात मोजत नाही मी.

आयोवाकर: मग "पैसे वाचतात" असं लिहू नका ना! कुरणासाठी घेते म्हणा, मी गप्प बसतो. आणि त्या पाकिटांवर बऱ्याचदा "विक्रीसाठी नाही" असा शिक्का असतो तो कशाचा, तेही सांगा लोकांना. तुम्ही कागदावर जिवंत जनावराचा हिस्सा घेतलेला असतो, म्हणून सरकारी इन्स्पेक्टर त्या जनावराजवळ उभा असलाच पाहिजे असं नाही.

डॅलसवाला: भाव राहू द्या, वीज गेली की काय करता? फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात कडाक्याच्या थंडीत वीज गेली होती, विसरलात? आमचा सात क्यूबिक फुटांचा चेस्ट फ्रीजर गच्च भरलेला. भरलेला फ्रीजर उघडला नाही तर 48 तास तग धरतो, अर्धा भरलेला 24, हे सगळं पाठ होतं. 48 तास उलटून गेले तरी वीज नाही. टेक्सासने आपली ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकी देशापासून जवळपास वेगळी ठेवलीय, बाजूच्या राज्यांतून वीज आणायची म्हटली तरी पुरेशा तारा कुठायत? माणसं गोठून मेली त्या आठवड्यात. मी नंतर सगळं मांस फेकलं आणि तेव्हापासून आठवड्याचंच आणतो.

मिनेसोटा_मामा: त्या आठवड्यात डॅलसला उणे 19 सेल्सियसला गेलं होतं, तुमच्या फ्रीजरपेक्षा अंगण थंड! एका पेटीत भरून बाहेर ठेवायचं होतं.

डॅलसवाला: दुपारी ऊन पडतं, रात्री कोल्हे-रॅकून येतात, पाकीट आतून किती अंशावर आहे हे कळतं का तुम्हाला? घरात लहान पोरगी ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसलो होतो आम्ही. मिनेसोटात बसून शहाणपण शिकवू नका.

मिनेसोटा_मामा: ठीक आहे, पोरीचं माहीत नव्हतं. पण गॅरेजमधला फ्रीजर बंद पडण्याचं नेहमीचं कारण ग्रिड नसतं, सॉकेटचा सेफ्टी स्विच उडालेला असतो आणि कोणी बघतच नाही. फ्रीजर बंद पडला की वाजणारा पंधरा डॉलरचा अलार्म लावा, एवढंच.

सदाशिव_पेठ_ते_सिअॅटल: मला मुळात समजत नाही, मराठी माणसाच्या घरात शंभर पाउंड गोमांस साठवण्यावर चर्चा कशाला? खायचं त्याने बाहेर खावं. भारतातून आईवडील येतात, त्यांनी गॅरेजमध्ये फ्रीजर उघडला तर? आपल्या संस्कृतीत हे कधीच नव्हतं.

लातूरचा_पोरगा: कोणाच्या संस्कृतीत? नीट सांगा. माझी आजी चान्या करायची. जनावर पडलं की वाटे व्हायचे, एका दिवसात संपणारं नसायचं ते, मग मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या, कडक झाल्या की तुकडे करून मडक्यात भरायच्या. पावसाळ्यात काम नसलं की मूठभर चान्या तव्यावर भाजून नाहीतर कालवणात टाकून भाकरीबरोबर. मांस साठवणं आम्हाला अमेरिकेने नाही शिकवलं. "मराठी माणूस" म्हणताना आम्हाला आधी बाहेर काढायचं आणि मग संस्कृती सांगायची, हे फार झालं.

वसईकर_डी: +1. आमच्याकडे लग्नात मोठ्याचं, म्हणजे बीफ, नसेल तर लोक जेवून गेले असं मानतच नाहीत. आम्हीपण मराठीच बोलतो घरात.

सदाशिव_पेठ_ते_सिअॅटल: तुमच्या आजीबद्दल मी काही बोललो नाही. पण महाराष्ट्रात कायदा आहे, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने केलेला.

लातूरचा_पोरगा: कायदा पूर्ण वाचा. गायीच्या कत्तलीला 1976 च्या कायद्यानेच बंदी होती, 2015 ला बैल आणि वळू घातले त्यात. म्हैस-रेडा आजही चालतो. बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ ठेवणं हा गुन्हा ठरवणारं कलम मुंबई हायकोर्टाने मे 2016 मध्ये रद्द केलं. आणि थकलेला बैल विकता येईना झाला तेव्हा भुर्दंड कोणाला बसला? आमच्या गावातल्या शेतकऱ्याला, तो मराठाच होता. तुम्ही सिअॅटलमध्ये बसून आमच्या ताटाचा निकाल देता!

सदाशिव_पेठ_ते_सिअॅटल: हायकोर्टाचं माहीत नव्हतं, मान्य. "आपल्या संस्कृतीत" हे शब्दही मागे घेतो, माझ्या घरात नव्हतं एवढंच खरं. पण माझ्या आईसमोर मी ते ठेवणार नाही, त्याला कायदा लागत नाही.

लातूरचा_पोरगा: ठेवू नका की. तुम्हाला ठेवा असं कोणीच म्हणालं नव्हतं.

ओहायोची_सून: चान्यांना मांसाचा कोणता भाग घ्यायचे? माझ्याकडे राउंडचे, म्हणजे मागच्या मांडीचे, रोस्ट उरलेत, चरबी जवळपास नाही त्यांना.

लातूरचा_पोरगा: ताई राउंड एकदम बरोबर. चरबी असली की खवट होतं. फक्त तुमच्याकडे लातूरचं ऊन नाही, तिथल्या दमट हवेत दोरीवर टाकू नका, डिहायड्रेटर वापरा.

आयोवाकर: माझा हिशोब मात्र कोणी खोडला नाही. ताईंचं रिबआयचं म्हणणं पाच-सहा जणांचं, रोज मांस खाणारं घर असेल तर पटतं. दोघा-तिघांनी घ्यायचंच तर शेजारच्यांशी वाटून आठवा हिस्सा घ्या, आणि शेतकऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा की भाव कोणत्या वजनाचा.