मदत हवी आहे: पुश-आउट टेस्टमध्ये स्लाइसची जाडी बदलली की इंटरफेसचा आकडाच बदलतोय

सिलिकॉन कार्बाइडचे फायबर, त्यांना धरून ठेवणारं मॅट्रिक्सही त्याचंच आणि मधे पायरोकार्बनचा (वायूतून जमवलेल्या कार्बनचा) पातळ थर, म्हणजे इंटरफेस, असं कंपोझिट आहे. फायबर १२ मायक्रॉनचे. आडवी स्लाइस कापून दोन्ही बाजूंनी घासून पॉलिश करतो, खाच असलेल्या होल्डरवर ठेवतो आणि नॅनोइंडेंटरला (बारीक टोक दाबून लोड आणि सरकणं मोजणारं यंत्र) ८ मायक्रॉनचा फ्लॅट पंच लावून एकेक फायबर खाली ढकलतो.

१०० मायक्रॉनच्या स्लाइसमध्ये फायबर साधारण १५० मिलिन्यूटनला सुटतात. फायबरचा घेर गुणिले जाडी, त्याने लोडला भागलं की इंटरफेसची शिअर ताकद (घसरण्याला होणारा विरोध) ४० मेगापास्कल येते. त्याच तुकड्याची ५० मायक्रॉनची स्लाइस केली तर ११३ मिलिन्यूटन, म्हणजे ६० मेगापास्कल! थर तोच, फायबर तेच, मग दीडपट फरक कसा? चार दिवस इथेच अडकलोय.

मला वाटतं सूत्रच फसवतंय, कारण त्यात शिअर ताण अख्ख्या लांबीवर सारखा धरलाय आणि खरं तर तो वरच्या टोकाला सगळ्यात जास्त असतो, तडा तिथून सुटून खाली सरकत जातो, म्हणून लांबी वाढली की सरासरी पडते. पण दाबल्यावर फायबर आडवा फुगतो आणि मॅट्रिक्सला आवळून बसतो, त्याने जाड स्लाइसमध्ये आकडा उलट वाढायला हवा ना?

लोड आणि पंचच्या सरकण्याच्या कर्व्हमध्ये लोड सरळ चढतो, शेवटाच्या जरा आधी बाक येतो, मग एकदम पडतो आणि सपाट चालतो. सपाट भाग घर्षणाचा, ते कळतं. बाक म्हणजे तडा सुरू झाला असं धरायचं का? पातळ स्लाइस खाचेवर वाकते, त्यानेही बाक येऊ शकतो. शेजारच्या नुसत्या मॅट्रिक्सवर पंच दाबून वाकणं वजा करावं असा विचार आहे, कुणी केलंय का? खाच किती रुंद ठेवता?

अजून एक. स्लाइस उलटी करून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) पाहिली, फायबर मायक्रॉनभर बाहेर आलेत, काहींची कड एकदम स्वच्छ आहे तर काहींना कार्बनच्या काळ्या पापुद्र्या चिकटून आहेत. म्हणजे तडा कधी फायबरच्या बाजूने गेलाय, कधी मॅट्रिक्सच्या. दोघांची मिळून सरासरी काढणं मला तरी पटत नाही, तुम्ही वेगळे मोजता का?

मायक्रोपिलर (मधे तिरका इंटरफेस असलेला मायक्रॉनभराचा खांब कोरून तो घसरेपर्यंत दाबायचा) करून बघ असं सुचवलंय, तिरक्या इंटरफेसचे दोन-तीन कोन घेतले की चिकटपणा आणि घर्षण वेगळं काढता येतं हे खरं, पण खांब कोरणाऱ्या गॅलियम आयनांच्या बीमने कार्बनचा थरच बिघडला तर मी नक्की काय मोजणार? ज्यांनी दोन्ही टेस्ट एकाच मटेरिअलवर केल्यात त्यांनी प्लीज सांगा, आकडे कितपत जुळले?