अनुभव धागा: लिहिणाऱ्याचा वाटा किती?

परवा लाईट गेली आणि गच्चीवर आमच्यात जुंपली. विषय २०२३ चा. अमेरिकेत सिनेमा-मालिका लिहिणाऱ्या साडेअकरा हजार लोकांनी २ मेपासून १४८ दिवस काम बंद ठेवलं होतं. टीव्हीवर मालिका पुन्हा लागली की त्यांना थोडेफार पैसे मिळायचे. ओटीटी आल्यावर ती रक्कम आटली, आणि किती जणांनी पाहिलं हे कंपन्या सांगेनात. मित्र म्हणला, "मजुरी घेतली, विषय संपला. मिस्त्री घरभाड्यात वाटा मागतो का?" मला उत्तर सुचलं नाही. मराठवाड्यातल्या लिहिणाऱ्यांनी आणि लिहून घेणाऱ्यांनी आपापला अनुभव टाका. कुणाची नावं नकोत.

छत्रपती संभाजीनगर, सध्या गोरेगाव
संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकलो, नऊ वर्षं मालिकांचे संवाद लिहितोय. पैसे एपिसोडमागं, तेही टेलिकास्टनंतर नव्वद दिवसांनी. लिहिलेला एपिसोड चॅनलनं बदलायला लावला तर दुसऱ्यांदा लिहिणं फुकटात. दिवाळीत परभणीला मावशीकडं होतो. दुपारी टीव्हीवर माझीच जुनी मालिका लागलेली. मावशी शेंगा फोडत म्हणली, "तुझंच ना रे हे? मंग आजबी पैसे पडले आसतील." मी हो म्हणलं. काय सांगणार?
२०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं लेखकाला रॉयल्टीचा हक्क दिलाय, सही करूनही तो सोडता येत नाही. गीतकारांना आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडून पैसे येतात. माझ्या खात्यात संवादांचा एक रुपया आलेला नाही.

अंबाजोगाई
शिक्षक आहे, एकांकिका लिहितो. स्पर्धेला लेखकाचं परवानगीपत्र लागतं, म्हणून तरी पोरं फोन करतात. एका कॉलेजनं पाचशे एक दिले, पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. ते पाकीट अजून कपाटात आहे. गॅदरिंगला मात्र शीर्षक बदललं की लेखक मेला.
व्यावसायिक नाटकात लेखकाला प्रयोगामागं मानधन असतं. प्रयोग लागला की पाकीट. अमेरिकेतले लोक याहून वेगळं काय मागत होते?

नांदेड
मी यूट्यूबसाठी वेबसिरीज काढली. एक एकर गेलं. कॅमेरावाल्यानं रोजच्या रोज घेतले, लेखकानं आधीच घेतले. नफ्यात वाटा पाहिजे म्हणता, तोट्यात कोण येतो?

छत्रपती संभाजीनगर, सध्या गोरेगाव
दादा, तुमचं एकर गेलं ते खरंय, तिथं कोण वाटा मागंल? अमेरिकेतही संप मिटताना ओटीटीसाठी नवा बोनस ठरला तो चाललेल्या मालिकेवरच. देशातल्या वर्गणीदारांपैकी किमान २० टक्क्यांनी पहिल्या ९० दिवसांत पाहिली तर. पडलेल्या मालिकेला तो बोनस नाही.

नांदेड
मग ओटीटीवाल्यांनी आकडा आधी मला दाखवावा, मी लेखकालाही दाखवतो. इथं यूट्यूबवर व्ह्यूज समद्यांना दिसतात, तेवढं बरंय.

केज, जि. बीड
लेखकाची लई कड घेऊ नका. आमच्याकडं ऊसतोडीच्या दरवाढीसाठी कोयता बंद होतो. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ मिळाली. पण ती टनामागच्या मजुरीत. साखर कितीला इकली याच्याशी आमचा संबंध नाही. आन् १४८ दिवस बसून राहायला घरात दाणे लागतात. माझ्या बापानं मुकादमाकडून उचल घेतली की ती लग्नात नाहीतर दवाखान्यात जायची. उचल घेतलेला माणूस आठवडाभर तरी बसू शकतो का? तरी तुमचं मागणं चूक म्हणत नाही. आमाला ते सुचलंच नाही कधी, एवढंच.

लातूर
दुसऱ्याच्या नावानं लिहिते. श्रेयनामावलीत नाव नाही, तर वाटा कुठून मागू? वाचतेय.

जालना
अंबाजोगाईचे सर, ती एकांकिका कोणती? आमच्या गॅदरिंगला करायची आहे. पीडीएफ असंल तर इथंच टाका ना.